जिग सुटते, ती नेमकी कुठे?

प्रश्न : खोल समुद्रात बोटीवरून धातूच्या जिगने, म्हणजे माशासारख्या जड आमिषाने, मासेमारी करताना गेल्या दोन खेपांत मोठे मासे माझ्या तीन जिग घेऊन गेले. जिग २०० ग्रॅमच्या होत्या, मुख्य दोर ५० पौंडांचा वेणीचा आणि लीडर, म्हणजे मुख्य दोर व जिग यांच्या मधला दोराचा तुकडा, ६० पौंडांचा फ्लुओरोकार्बन आहे. लीडर मी जिगच्या वरच्या स्प्लिट रिंगलाच बांधतो आणि विकत घेताना खालच्या टोकाला आलेला तीन काट्यांचा गळ तसाच ठेवतो. दोन वेळा लीडरचे टोक मळसूत्रासारखे वळलेले परत आले, एकदा ते कापल्यासारखे होते. जिग भरवशाची कशी बांधावी?

उत्तर : परत आलेली टोके आपण टाकून न देता पाहिलीत, म्हणूनच आपल्या प्रश्नाला नेमके उत्तर देता येते. मळसूत्रासारखे वळलेले टोक म्हणजे गाठ तुटलेली नाही, ती सरकत सरकत सुटली आहे. कापलेले टोक माशाच्या दातांमुळेही असू शकते. पण लीडर थेट स्प्लिट रिंगला बांधलेला असल्यामुळे माझा पहिला संशय त्या रिंगवरच आहे.

स्प्लिट रिंग म्हणजे दोन वेढे दिलेली पोलादी तार, आणि त्या तारेची दोन्ही टोके कापलेली, म्हणजेच धारदार असतात. मासा दिशा बदलत ओढू लागला की गाठ रिंगवर फिरते आणि कधी त्या टोकाशी घासते, तर कधी दोन वेढ्यांच्या फटीत जाऊन बसते. फ्लुओरोकार्बनला एक बारीक खाच पडली तरी पुढच्या हिसक्याला तो तिथेच तुटतो. म्हणून लीडर नेहमी सॉलिड रिंगला, म्हणजे सांधा नसलेल्या अखंड कडीला बांधावा.

त्यानंतरची रचना मात्र अनेकांची चुकते, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. असिस्ट हूकची, म्हणजे जिगच्या वरच्या टोकाशी आखूड दोरीने लटकणाऱ्या गळाची, दोरीसुद्धा त्याच सॉलिड रिंगमध्ये अडकवावी, आणि स्प्लिट रिंगचे काम केवळ सॉलिड रिंग व जिगचे वरचे भोक जोडण्यापुरते ठेवावे. असे केले की माशाची ओढ गळाकडून दोरीत, दोरीतून सॉलिड रिंगमध्ये आणि तेथून सरळ लीडरमध्ये जाते, आणि स्प्लिट रिंगवर मुख्यतः बाजूला लटकणाऱ्या जिगचाच भार राहतो. हूक स्प्लिट रिंगमध्ये अडकवला, तर माशाचा सारा जोर त्या दोन वेढ्यांवर येतो आणि मोठ्या माशापुढे ते उघडू शकतात. तरीही स्प्लिट रिंग हलकी घेऊ नये, कारण जिग खडकात अडकली की तिच्यावरही पूर्ण ताण येतो.

खालचा तीन काट्यांचा गळ काढून टाकावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तो तळाच्या खडकात लवकर अडकतो. शिवाय मासा त्या गळाला लागला की सगळी ओढ जिगच्या अंगातून जाते आणि जड जिग तरफेसारखी वापरून मासा गळ झटकून टाकू शकतो. वरच्या सॉलिड रिंगला एक किंवा दोन असिस्ट हूक पुरतात. दोरीसह हूकची लांबी जिगच्या साधारण एक तृतीयांश असावी, निम्म्याहून अधिक नसावी, आणि गळाचे तोंड जिगच्या रुंदीपेक्षा थोडे मोठे असावे, नाहीतर गळ जिगच्या कडेवरच बसून त्याचे टोक झाकले जाते.

आता गाठीबद्दल. ६० पौंडांचा फ्लुओरोकार्बन ताठ असतो. त्याला पातळ दोराप्रमाणे सहा-सात वेढे दिले तर ते एकमेकांवर घट्ट बसत नाहीत आणि गाठ वरून आवळलेली दिसली तरी आतून सैल राहते. आपल्या दोन जिग बहुधा अशाच गेल्या असाव्यात. युनी गाठीला तीन-चार वेढे पुरतात. आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी, हिसका न देता सावकाश ओढावी आणि उरलेले टोक अगदी मुळाशी न कापता दोन-तीन मिलिमीटर ठेवावे. मग जिग जोडण्याआधी सॉलिड रिंग वजनकाट्याला अडकवून लीडर १० किलोंपर्यंत ओढून पाहावा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ज्या ओढीला रीळ दोर सोडू लागते ती मर्यादा, दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे आपल्या दोरासाठी सुमारे ६ ते साडेसात किलो ठेवला जातो. तेव्हा १० किलोंना गाठ जराही सरकली तर ती पुन्हा बांधावी. ही चाचणी घेताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा अवश्य घालावा.

प्रश्न : जिग पटकन बदलता यावी म्हणून स्नॅप, म्हणजे उघडझाप होणारी तारेची कडी, वापरला तर चालेल का? आणि जुन्या रिंग व असिस्ट हूक किती काळ वापरावेत?

उत्तर : मोठ्या माशांसाठी स्नॅप वापरू नये, कारण बाजूने ओढ बसली की त्याची पातळ तार उघडू शकते. स्प्लिट रिंगची पक्कड जवळ असेल तर जिग बदलायला मिनिटभरही लागत नाही. मात्र त्या पक्कडीने रिंग गरजेपेक्षा जास्त फाकवू नये. वेढे पुन्हा एकमेकांना चिकटून बसले नाहीत, तर ती रिंग फेकून द्यावी.

किती काळ, याचे उत्तर महिन्यांत देता येत नाही. प्रत्येक खेपेनंतर सगळे सामान गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे आणि वेढ्यांच्या मधली फट उजेडात पाहावी, कारण गंज तिथे आधी धरतो आणि बाहेरून दिसत नाही. असिस्ट हूकची दोरी केव्लारची असेल तर ती उन्हात ठेवू नये. अतिनील किरणांनी तिची ताकद कमी होते. दोरीला लव सुटली, रंग उडाला किंवा गळाच्या दांडीवरचे बांधकाम सैल झाले, की हूक बदलावा. सुरमई किंवा बराकुडासारखे धारदार दातांचे मासे अपेक्षित असतील, तर आत बारीक तार असलेली दोरी घ्यावी आणि एकेक मासा काढल्यावर दोरीवरून व लीडरच्या शेवटच्या हातभर लांबीवरून बोट फिरवून खाच लागते का ते तपासावे. खाच लागली तर तेवढा लीडर तिथेच कापून गाठ नव्याने बांधावी.