पद्मिनीची बॅटरी दर गुरुवारी झोपते, खातंय कोण?

प्रश्न: नमस्कार काका, वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, सांगलीत पत्र्याच्या शेडमधे उभी असते. रविवारी तासभर फिरवतो, मस्त चालते, पण गुरुवारी चावी फिरवली की सेल्फ नुसता कट्‌ कट्‌ करतो आणि शेजारच्या पोरांना धक्का मारायला बोलवावं लागतं. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या, दोन्ही ३५ अँपिअर-अवरच्या. इलेक्ट्रिशियन म्हणतो जुन्या गाडीचं वायरिंग असंच असतं, तिसरी टाका. टाकू का?

उत्तर: अजिबात नको! दोन नव्या बॅटऱ्या एकाच वारी झोपतायत म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष आहे, गाडी बंद असताना कोणीतरी तिला खातंय. आणि "जुनं वायरिंग असंच असतं" हे मला पटत नाही, उलट कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या पद्मिनीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, चावी काढली की करंट जवळजवळ शून्यच हवा. स्टिरिओची मेमरी धरली तरी २०-३० मिलीअँपिअर, बास.

तुमच्याच आकड्यांवरून हिशोब बघा. रविवार ते गुरुवार ९६ तास, ३५ अँपिअर-अवर म्हणजे एक अँपिअर ३५ तास, त्या ३५ ला ९६ नी भागलं तर ०.३६ अँपिअर येतात, आणि सेल्फ तर बॅटरी पूर्ण रिकामी व्हायच्या आधीच हात वर करतो, म्हणजे गळती धरा ०.२५ ते ०.३५. ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब ०.४ खातो. म्हणजे तुम्हाला शोधायचंय ते एका बारक्या बल्बपेक्षाही थोडं कमी खाणारं काहीतरी.

पण त्याआधी एक खात्री करा, बॅटरी मुळात भरतेय ना? रविवारी गाडी थोडी रेस करून टर्मिनलवर व्होल्ट बघा, १३.८ ते १४.४ हवेत, आणि बंद करून दोनेक तासांनी १२.६ च्या आसपास. तेच नसतील तर गळती शोधत बसू नका, आधी चार्जिंग बघा.

आता शोध. साधा डिजिटल मल्टीमीटर चालतो, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. चावी काढा, दारं लावा (दार उघडं राहिलं तर छतावरचा दिवाच मीटरवर दिसेल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल), बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा आणि केबल व टर्मिनलच्या मधे मीटर लावा. मीटर लागलेला असताना सेल्फ मारायचा नाही हां, मीटरचा फ्युज जागच्या जागी जातो, मी दोन घालवलेत. आकडा दिसला की एकेक फ्युज काढत जा, ज्या फ्युजला आकडा धपकन पडेल त्याच लाईनवर चोर आहे.

सगळे फ्युज काढून पण आकडा हलला नाही तरी घाबरू नका, काही वायरी फ्युजमधून जातच नाहीत. चार्जिंगची जाड वायर त्यातलीच. बॅटरी भरायला जुना डायनामो असेल तर कट-आउटचे (गाडी बंद झाली की डायनामोला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेले असू शकतात, मग बॅटरी उलटी डायनामोतून रिकामी होते, पण ती रात्रीतच झोपेल, चार दिवस टिकणार नाही, म्हणून तुमच्या केसमधे मला तो संशय कमी वाटतो. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवलेला असेल तर त्यातला डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) लीक असू शकतो. निगेटिव्ह सुटलेलीच असताना अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप लावा, मीटर परत जोडा आणि आकडा पडतो का बघा.

खरं सांगू, पैज लावायची तर मी मागून बसवलेल्या सामानावर लावेन. स्टिरिओला पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीवरची, पण घाईतला फिटर दोन्ही पिळून एकत्र बॅटरीवर जोडतो, गाणी तर वाजतात मग कोण बघतंय. माझ्या पद्मिनीत तर ॲम्प्लिफायरची चालू-बंदची निळी वायरच थेट बॅटरीवर होती. महिनाभर डोकं खाजवलं. मागची काच पूर्ण लागत नाही, त्या फटीतून आमची मांजर आत शिरायची आणि थंडीत रोज मागच्या सीटवर ठराविक एकाच कोपऱ्यात झोपायची. एकदा सहज तिथे हात लावला तर सीट कोमट! खाली ॲम्प्लिफायर, दोन दिवस बंद गाडीत चालूच. तुमच्याही गाडीत रिव्हर्सचा हॉर्न, सेंट्रल लॉक, मोबाईल चार्जर असं काय काय नंतर लागलंय ते आठवून कागदावर लिहा, आणि पहिला फ्युज तिथलाच काढा.

तोवर बुधवारपर्यंत थांबू नका, रविवारी गाडी लावली की निगेटिव्ह केबल सोडून ठेवा. सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पान्हा बॉडीला टेकला की ठिणगी बघून वडिलांची आठवण येईल. असं ठेवून गुरुवारी सेल्फ टणटणीत लागला तर गळती गाडीतच आहे हे पक्कं, आणि तरीही नाही लागला तर ती बॅटरीच वारंवार झोपून खराब झालीय, मग मात्र मीटर लावायच्या आधी ती दुकानात लोड लावून तपासून घ्या.