मालदीवला जरूर जा, पण मुलीच्या ठेवीला हात न लावता

खानापूर तालुक्यातून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. त्या खासगी शाळेत शिकवतात, पगार २८,०००. यजमानांचं बेळगावला उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे, कंपन्यांचं जॉबवर्क घेतात. येत्या जानेवारीच्या शेवटी लग्नाला १८ वर्षं होतील. लग्न झाल्यावर दोघं मिळून गेले ते गोकाकचा धबधबा बघायला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यानंतर दीर-नणंदांची लग्नं, सासऱ्यांचं आजारपण, वर्कशॉपचं कर्ज. आता मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे आणि या थंडीत दोघांनी मालदीवला जायचं ठरवलंय. ट्रॅव्हल्सवाल्यानं ख्रिसमसच्या आठवड्यातलं चार रात्रींचं पॅकेज २,६०,००० ला सांगितलंय. पैसे उभे करायला तीन वाटा डोळ्यांसमोर आहेत: सौहार्द सहकारी सोसायटीतली मुलीसाठी ठेवलेली ३,००,००० ची ठेव मोडायची, ‘नो कॉस्ट’ हप्ते करायचे, किंवा शाळेतली भिशी उचलायची. सासूबाई म्हणतात, नातीच्या फीचे पैसे समुद्रात घालू नका. ताई विचारतात, आमचं चुकतंय का?

ताई, जायचं ठरवलंत त्यात काहीच चुकलेलं नाही. अठरा वर्षं घर ओढलेल्या दोघांनी आठवडाभर एकमेकांसाठी काढणं ही चैन नव्हे. मी हिशेब मांडतो तेव्हा हा खर्च घराच्या गरजेतच धरतो. पण सासूबाईंचं म्हणणंही खरं आहे. तुमच्या तीनही वाटा मला पटत नाहीत, आणि चौथी वाट तुमच्या पत्रातच आहे.

आधी ठेव. जानेवारीनंतर साधारण १८ महिन्यांनी मुलीची सीईटी होऊन प्रवेशाची फी भरायची वेळ येईल. आज २,६०,००० काढलेत तर तेवढ्यात ते परत उभे करायला महिन्याला साडेचौदा हजार बाजूला टाकावे लागतील. तुमची महिन्याची बचत आज नऊ हजारांची आहे, म्हणजे ठेव मोडली की फीच्या वेळी कर्ज ठरलेलंच. मुदतीआधी मोडल्यावर व्याजही कापलं जाईल.

ठेवीचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, सहलीपेक्षा ती मोठी आहे. आपल्या भागात गल्लोगल्ली सौहार्द आणि क्रेडिट सोसायट्या आहेत. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळतं, संचालक ओळखीचे असतात, म्हणून लोक डोळे झाकून पैसे ठेवतात. बँकेतल्या ठेवीला, नागरी सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५,००,००० पर्यंत विम्याचं संरक्षण असतं. सोसायटीतल्या ठेवीला ते नसतं. तुमची सोसायटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मुलीच्या शिक्षणाची सगळी रक्कम एकाच सोसायटीत, तीही विम्याशिवाय, हे मला बघवत नाही. मुदत संपली की ती बँकेत किंवा पोस्टात हलवा. मोडू मात्र नका.

हप्त्यांचं बोलायचं तर ‘नो कॉस्ट’ या शब्दावर जाऊ नका. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत मिसळलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि जीएसटी. बारा महिन्यांत फेडायचं म्हटलं तर महिना पावणेबावीस हजार होतात, तुमच्या पगारातून उरतात सहा हजार. यजमानांची बिलं दोन-दोन महिने लांबतात त्या घरात हा हप्ता तुमची झोप उडवेल.

भिशीचा हिशेब मात्र बारकाईनं बघू, कारण तिथे व्याज दिसतच नाही. वीस जणी, महिना ५,०००, भिशी १,००,००० ची. लग्नसराईत बोली चढते, म्हणून डिसेंबरमध्ये उचलली तर १८,००० सोडावे लागतील असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे हातात ८२,०००. थांबून शेवटी, ११ महिन्यांनी घेतली तर पूर्ण लाख. आजचे ८२,००० आणि अकरा महिन्यांनंतरचे १,००,००० यांतलं अंतर वर्षाला सुमारे २४ टक्के पडतं. घरात कुणी दवाखान्यात असेल तर बिनदिक्कत उचला. सहलीसाठी नको.

आता चौथी वाट. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की यजमानांची २,३५,००० ची बिलं दोन महिन्यांहून जास्त अडकली आहेत. ताई, ते त्यांच्या घामाचे पैसे आहेत आणि कायदा त्यांच्या बाजूनं आहे. वर्कशॉपची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल (नसेल तर ऑनलाइन होते, फुकट) तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत गिऱ्हाइकानं पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून नियम असा आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे त्यांच्या अकाउंट्सवाल्याला पक्कं ठाऊक असतं. यजमानांना वाटतं की तगादा लावला तर काम तुटेल. भांडायचं कारणच नाही. कोणत्या तारखेचं किती बिल बाकी आहे याचा एक कागद, त्यावर उद्यम नोंदणीचा नंबर, आणि परचेसवाल्याऐवजी थेट अकाउंट्स खात्यात जाऊन चहा पिऊन यायचं. मागचं सगळं एकदम येणार नाही. पण जे येईल त्यातून कामगारांचा पगार आणि हेस्कॉमचं विजेचं बिल आधी, मग ६०,००० सहलीला.

त्यात तुमची डिसेंबरात पिकणारी ६४,००० ची आरडी आणि तीन महिन्यांची बचत २७,००० धरली की दीड लाख होतात. एवढीच तुमच्या सहलीची मर्यादा. एक रुपया वर नाही.

दीड लाखात मालदीव होतं का? त्या पॅकेजमधलं होणार नाही. ख्रिसमस ते नवं वर्ष हे तिथले सगळ्यात महाग दिवस, आणि तुमचा लग्नाचा वाढदिवस तर जानेवारीच्या शेवटी! तिथला कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल चालतो, म्हणजे संक्रांत करून निघालात तरी समुद्र तोच, ऊन तेच. दुसरं, मालदीव म्हणजे फक्त पाण्यावरच्या खोल्यांचे रिसॉर्ट नव्हेत. माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस आहेत, राजधानी मालेहून बोटीनं जाता येतं, रिसॉर्टच्या मानानं बरंच स्वस्त पडतं. मात्र तिथे मुस्लिम वस्ती आहे, गावातून फिरताना अंगभर कपडे लागतात, दारू मिळत नाही. पाण्यावरची खोली पाहिजेच असेल तर शेवटची एकच रात्र, आणि मालेजवळचं, स्पीडबोटीनं पोचता येणारं रिसॉर्ट घ्या. सी-प्लेनचं भाडंच माणशी कित्येक हजारांत जातं.

कुठलाही आकडा ऐकलात की विचारा: यात बोट आहे का, जेवण आहे का, कर आहेत का? मालदीवमध्ये पर्यटनावर १७ टक्के जीएसटी आहे, वर बहुतेक ठिकाणी १० टक्के सर्व्हिस चार्ज. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर, छोट्या गेस्ट हाऊसमध्ये ६. पॅकेज घेतलंत तर कंपनी टीसीएसही, म्हणजे परदेश सहलीवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, लावेल. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून बिल यजमानांच्या पॅनवर करा. त्यांना दरवर्षी कर भरावाच लागतो.

आणि बिलं नाहीच आली तर? तर अंदमान. बेंगळुरू किंवा चेन्नईहून विमान, पासपोर्ट नको, डॉलर नको. राधानगरच्या किनाऱ्यावरचं पाणी बघाल तर मालदीवची हुरहुर उरणार नाही, आणि सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहणं मराठी माणसाला वेगळंच असतं. जानेवारीत तिथे पाचच्या सुमाराला अंधारू लागतं, त्यामुळे दिवस पहाटे सुरू करा. बेटांवर एटीएम मोजके आणि नेटवर्क अधूनमधून जातं, रोख जवळ ठेवा. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला मी अंदमानच सुचवतो. पण सहल तुमची आहे.

तारीख ठरवून टाका: १५ नोव्हेंबर. त्या दिवशी थकलेल्या बिलांपैकी निदान लाखभर खात्यावर आलेले असतील तर मालदीवची तिकिटं काढा, नाहीतर अंदमानची. तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका, ट्रॅव्हल्सवाल्यानं ‘शेवटच्या दोन सीट’ म्हटलं तरीही. सासूबाईंना ठेवीची पावती दाखवा आणि ती त्यांच्याच कपाटात ठेवायला द्या.

पासपोर्टचं काम मात्र या आठवड्यातच सुरू करा, मालदीव नक्की झालं नसलं तरी. साधा अर्ज १,५०० रुपयांचा आहे. अडतं ते नावात. आपल्याकडे शाळेचा दाखला कन्नड किंवा मराठीत, आधारवर इंग्रजी स्पेलिंग भलतंच, आणि बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. दोघांचे सगळे कागद एकदा टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, आणि दुरुस्ती लागणार असेल तर आधी आधारची करून घ्या. मालदीवचा व्हिसा भारतीयांना पोचल्यावर फुकट मिळतो. निघण्याआधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही फुकट. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.