बेळगावच्या सविता आणि आयर्लंडचा कायदा

प्रश्न : मी वसईची कॅथलिक वाचक आहे आणि गर्भपात पाप आहे असे मानते. पण बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा आयर्लंडमध्ये जो मृत्यू झाला, तो चर्चच्या शिकवणीमुळेच झाला का?

उत्तर : ताई, हेतुपुरस्सर केलेला गर्भपात कॅथलिक शिकवणीत गंभीर पाप ठरतो, मात्र आईच्या जिवावर बेतलेल्या आजारावर, उदाहरणार्थ गर्भाशयाच्या कर्करोगावर, उपचार करताना गर्भ दगावणार हे ठाऊक असले, तरी तो मृत्यू हेतू नसल्याने असा उपचार वर्ज्य मानलेला नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता यांचा १७ आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे कळले होते, तरी त्याचे ठोके चालू असल्याने त्यांची गर्भपाताची विनंती नाकारली गेली. त्यांच्याशी बोलताना देशाच्या कॅथलिक परंपरेचा उल्लेख केल्याचे एका सुईणीने चौकशीत मान्य केले. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्या गेल्या. देखरेखीतही गंभीर त्रुटी आढळल्या; पण गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या १९८३ च्या घटनादुरुस्तीने डॉक्टरांचे हात बांधले होते, असे माझे ठाम मत आहे. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती रद्द करण्याचा कौल दिला.

आपण स्वतः गर्भपात नाकारलात, तर त्या निर्णयाचा मी मनापासून आदर करीन. तोच निर्णय कायद्याच्या बळावर दुसरीवर लादणे मात्र मला मान्य नाही.