"दादा, प्रॉमिस कर, कोणाला सांगणार नाहीस"

प्रश्न : मी 23 वर्षांचा आहे, आमच्या युवा गटात 11 ते 15 वयाच्या मुलांचे खेळ आणि शिबिरं घेतो. आता नियम आलाय की मुलाशी एकट्याने बोलायचं नाही, पर्सनल मेसेज करायचे नाहीत. आमच्यावर संशयच ना हा? त्यात गेल्या रविवारी एक मुलगा म्हणाला, दादा एक सांगायचंय पण प्रॉमिस कर, कोणाला सांगणार नाहीस. मी केलं, पण तो पुढे बोललाच नाही. काय करू?

उत्तर : राग येणारच, पण मला सांग, माणूस चांगला आहे हे चेहऱ्यावरून कसं ओळखायचं? त्रास देणारा बऱ्याचदा सगळ्यांचा लाडका दादाच असतो रे, आधी खाऊ, मग "तू बाकीच्यांपेक्षा वेगळा आहेस", मग रात्री अकराचे मेसेज आणि शेवटी "हे आपल्यातच ठेव". म्हणून नियम सगळ्यांना सारखा, उद्या कोणी तुझ्यावर खोटं बोट दाखवलं तर तोच तुला वाचवेल. आणि 15 वर्षांची मिसरूड फुटलेली पोरंही संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारानुसार मुलंच हं, 18 पूर्ण होईपर्यंत.

एकट्याने नाही म्हणजे बोलायचंच नाही असं नाही. मैदानाच्या कडेला बसा, दुसऱ्या ताईला दिसाल पण ऐकू जाणार नाही एवढं अंतर ठेवा, झालं. मेसेज करायचाच तर ग्रुपवर, जिथे पालकही आहेत.

आता ते प्रॉमिस. ते सरळ परत घे. म्हण, "मी घाईत बोललो. तू सांग, मी ऐकेन, पण तुला कोणी त्रास देत असेल तर मदत करणाऱ्या एका माणसाला मला सांगावं लागेल, आणि कोणाला ते तुला आधी सांगेन." पोरगा थोडा रुसेल कदाचित, चालेल. बोलला तर "त्याने हात लावला का" असले प्रश्न तू त्याच्या तोंडात घालू नकोस, "मग काय झालं" एवढंच पुरे. त्याचेच शब्द त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून ठेव आणि गटात जो या गोष्टींना जबाबदार आहे त्याला सांग, त्याच्याचबद्दल असेल तर त्याच्या वरच्याला किंवा सरळ पोलिसांना. ज्याचं नाव आलं त्याला जाऊन जाब विचारू नकोस, राग कितीही आला तरी, कारण तो सावध होईल आणि मुलगा गप्प.

आणि तो गप्पच राहिला तरी थांबू नकोस, "हा मुलगा काहीतरी सांगणार होता" एवढं आजच जबाबदार माणसाच्या कानावर घाल.