ती रेघ मारायची नव्हती

तू पाठवलेला, चंद्रग्रहणाची नोंद असलेल्या वहीच्या पानाचा फोटो मी मोठा करून पाहिला. 31 जानेवारी 2018, संध्याकाळी 7:10. तिथे आधी ‘मळकट विटकरी, कड राखाडी’ असं लिहिलंस, मग त्यावर रेघ मारून ‘लालभडक’ केलंस. का, तर पेपरात लाल छापून आलं. आणि वर मला विचारतोस, डोळे तपासून घेऊ का?

डोळे उत्तम आहेत तुझे. त्या दिवशी चंद्र ग्रहणातच उगवला आणि 7:37ला खग्रास संपलंसुद्धा. तेवढा सगळा वेळ तो क्षितिजालगतच्या धुरकटात, त्यात संधिप्रकाश. मळकटच दिसणार. मला राग आलाय तो त्या रेघेचा. दिसलं ते लिहायचं, दिसल्या क्षणी लिहायचं, नंतर हात लावायचा नाही.

बाळा, हे मी इतकं धरून का बसतो, ते ऐक. 10 डिसेंबर 1992, पहाटे पाचचा सुमार. जुन्नरजवळ मामांच्या शेतात कडब्याच्या गंजीला टेकून बसलो होतो. घोंगडीतून हात बाहेर काढवत नव्हता. खग्रास लागलं आणि चंद्र तांबूस व्हायचा सोडून विझतच गेला. राखेसारखा झाला, मग जवळजवळ नाहीच. त्याच्या खाली रोहिणीचा तारा स्वच्छ दिसत होता, तरी मी म्हटलं, धुकं असेल. वही हाताच्या अंतरावर पिशवीत होती. मी ती काढली नाही.

पुढे कळलं. 1991च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला होता. त्यातल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांचा थर वातावरणात वर, स्थितांबरात, पसरला आणि पृथ्वीच्या कडेने वळून चंद्रावर पोचणारा सूर्याचा उजेडच त्याने अडवला. ग्रहणातल्या चंद्राची उजळी मोजायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजाँची 0 ते 4 अशी श्रेणी आहे; 0 म्हणजे चंद्र जवळजवळ दिसतच नाही. मी त्या पहाटे शून्य पाहत होतो आणि माझ्याकडे त्याची एक ओळ नाही. जी आठवण आहे, तीही किती पाहिलेली आणि किती नंतर वाचलेली, मला आता सांगता येत नाही.

तेव्हापासून पेन्सिल दोऱ्याने गळ्यात असते. आकाशदर्शनाला सगळ्यांचं लिहून होईपर्यंत मी कोणाला बोलू देत नाही. एकजण त्यावरून चिडून निघून गेला, चांगला मुलगा होता. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण एकाने ‘लाल’ म्हटलं की दहा वह्यांत लालच उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नियम बदलला नाही, बदलणार नाही. दिसलं ते, त्याच क्षणी.

27 जुलै 2018च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, या शतकातलं सर्वांत लांब खग्रास होतं, 1 तास 43 मिनिटं. तेही ऐन पावसाळ्यात. अशा वेळी आभाळ भरलेलं असलं तर ‘ढग, काही दिसलं नाही’ हेही वेळेसकट लिही.

आणि ते पान फाडू नकोस. रेघेखालचं ‘मळकट विटकरी’ अजून वाचता येतंय. शेजारी आजची तारीख घाल आणि लिही, आधीचं बरोबर होतं.