ठेसन, इस्टेशन, सटेशन

प्रश्न : माझी आजी ‘ठेसन’ म्हणायची. माझा हिंदीभाषक सहकारी ‘इस्टेशन’ म्हणतो आणि पंजाबी मैत्रीण ‘सटेशन’. शब्द एकच, मग तिघांच्या तीन तऱ्हा का? चुकतंय कोण?

उत्तर : कोणीच नाही. तिघांच्या जिभेला एकच गोष्ट अडते : शब्दाच्या तोंडाशी आलेला ‘स्ट’. आजीने ‘स’ गाळला, सहकाऱ्याने पुढे ‘इ’ जोडला, मैत्रिणीने मधे ‘अ’ घालून जोडाक्षर फोडलं.

विद्यार्थी असताना मी अशा बदलांसाठी वहीत तीन सुटे नियम मांडायचो. तिन्ही एकच अडचण दूर करताहेत, हे मात्र त्या मांडणीत कुठेच दिसायचं नाही आणि मला ते फार खटकायचं. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स किसेबर्थ यांनी १९७० मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. एकाच हेतूने राबणाऱ्या अशा नियमांचा त्यांनी चक्क ‘कट’ म्हणून उल्लेख केला. पुढे १९९३ मध्ये ॲलन प्रिन्स आणि पॉल स्मोलेन्स्की यांनी ऑप्टिमॅलिटी थिअरी मांडली. तिच्यात नियमांऐवजी बंधनं असतात : सुरुवातीला जोडाक्षर नको, मूळचा ध्वनी गाळू नका, नवा ध्वनी घुसवू नका. बंधनं सगळ्या भाषांत तीच, उतरंड मात्र प्रत्येकीची निराळी. सगळी एकदम पाळता येत नाहीत, म्हणून खालचं मोडून वरचं सांभाळायचं. खालची दहा मोडली तरी चालतील, पण वरचं एक वाचलं पाहिजे, इतकी ही उतरंड कडक.

आजीच्या बोलीत ‘गाळू नका’ तळाशी आहे. इतर दोघांकडे ‘घुसवू नका’ तळाशी. त्यांच्यातला फरक आणखी बारीक. ‘इस्टेशन’मध्ये ‘स’ आणि ‘ट’ची जोडी शाबूत राहते, पण शब्दाची सुरुवात बदलते. ‘सटेशन’मध्ये सुरुवात तीच राहते, जोडी तुटते.

आता आजीचा ‘ठ’ पुन्हा ऐका. ‘टेसन’ म्हणूनही भागलं असतं, काहीजण म्हणतातही. पण ‘स्कंध’चा ‘खांदा’ आणि ‘स्तन’चं ‘थान’ होतानाही ‘स’ गेला आणि जाताना आपला श्वास पुढच्या व्यंजनाला देऊन गेला. आजीच्या ‘ठ’मध्ये मला तीच जुनी खोड ऐकू येते. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत देखणा शब्द तोच.

आजी एकटी नाही. स्वीडिशमधला खुर्चीचा ‘स्तूल’ फिनिशमध्ये ‘तुओली’ झाला, तिथेही ‘स’ गळाला. सहकाऱ्याच्या बाजूला स्पॅनिश आहे : लॅटिन ‘स्कोला’ची तिथे ‘एस्कुएला’ झाली.

आणि तुम्ही स्वतः ‘स्टेशन’ म्हणत असाल, तर तुमच्या उतरंडीत ‘जोडाक्षर नको’ हेच तळाला आहे.