वाचक विचारतात : बाबिलोनला ग्रहण आधी कसं कळायचं?

प्रश्न : ७ सप्टेंबर २०२५चं खग्रास चंद्रग्रहण आम्ही चाळीच्या गच्चीवरून पाहिलं. शेजारचे काका म्हणाले, बाबिलोनचे लोक दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रहणं आधीच सांगायचे. दुर्बीण नसताना कसं जमायचं? आणि ही विद्या तिकडून इकडे आली की इकडून तिकडे गेली?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : काकांचं बरोबर आहे. बाबिलोन म्हणजे आजच्या इराकमधलं प्राचीन शहर. जमायचं ते चिकाटीने ठेवलेल्या नोंदींमुळे. देवळाच्या पदरी असलेले लेखनिक रोज रात्री आकाश पाहून ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहीत. उपलब्ध पाट्यांतली सर्वांत जुनी इ.स.पू. ६५२ची, शेवटची इ.स.पू. ६१च्या सुमाराची. त्याच पाटीवर जवाचा नि खजुराचा भाव, युफ्रेटिस नदीचं पाणी किती चढलं, तेही. आभाळ भरलेलं असलं तर 'ढग होते, पाहिलं नाही' असं लिहून मोकळे! मुंबईत सप्टेंबरात ग्रहण पाहायला निघणाऱ्यांना हे पटावं.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी साठल्यावर दिसलं, की २२३ चांद्रमास, म्हणजे १८ वर्षं आणि १०-११ दिवस गेले की तसंच ग्रहण पुन्हा येतं. यालाच आज सारोस चक्र म्हणतात. ग्यानबाची मेख अशी, की ६५८५ दिवसांवर सुमारे ८ तास उरतात. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि ग्रहण भलत्याच मुलखाला दिसतं. तुम्ही पाहिलेल्या ग्रहणाच्या आधीचं, त्याच चक्रातलं ग्रहण २८ ऑगस्ट २००७ला, नारळी पौर्णिमेला झालं. त्याचा मध्य दुपारी चारच्या सुमारास. मुंबईत चंद्र उगवेपर्यंत खेळ खलास. २०२५ला मध्य आला रात्री पावणेबाराच्या सुमारास. पुढचं १९ सप्टेंबर २०४३ला, पण तेव्हा मध्य येईतो मुंबईत सूर्य वर आलेला असेल. गच्चीवर पहाटेच जा.

सावल्यांचं गणित माहीत नसलं तरी नुसत्या चक्रावरून तारीख काढता येते. आपल्याकडे ४९९ साली आर्यभटाने ग्रहण सावलीचंच, हे स्वच्छ लिहिलं.

आता इकडून की तिकडून? वराहमिहिराने सहाव्या शतकात 'पंचसिद्धांतिके'त पाच सिद्धांत, म्हणजे आकाशगणिताचे ग्रंथ, मांडले; त्यांतल्या एकाचं नावच रोमक, म्हणजे रोमकडचा. उलट 'वेदांग ज्योतिष' या आपल्याकडच्या जुन्या ग्रंथातलं पाच वर्षांचं युग, म्हणजे कालगणनेचं चक्र, त्या पाचांतल्या पैतामह सिद्धांतातही आहे. म्हणजे दोन्हीकडचं त्याच्यापुढे होतं. देशी-परदेशी न बघता वराहमिहिराने निकाल दिला: सौर सर्वांत बिनचूक, पौलिश अचूक, रोमक त्याच्या जवळपास, आणि पैतामह व वासिष्ठ पार चुकलेले.